डोकी उजव्या खांद्याला

एतेल्विना आराया आयुष्यात कधी चुकली नाही, असं तिचंच म्हणणं होतं. चीज खारट झालं तर मीठ वाईट. शेळी हरवली तर शेळी मूर्ख. नवरा ट्रकसकट उलटून मेला तर रस्ता नालायक. मी सुनिल्दा, तिची शेजारीण. लोबेरा वस्तीत आमची एकवीस घरं, आणि तिच्या-माझ्या घरात फक्त एक पत्रा. चाळीस वर्षं मी त्या पत्र्याअलीकडे शिंपल्यांचे कानवले तळत बसले आणि पलीकडून तिच्या तोंडाचा पट्टा ऐकला. तिच्या शेळ्यांनीसुद्धा इतका ऐकला नसेल.

पण वरच्या माळाची माहिती तिच्याइतकी कुणालाच नव्हती, हे मान्य करायला हवं. आमची घरं समुद्राला लागून, मग चढण, आणि चढणीच्या वर तो माळ. दगड, खारट माती आणि निवडुंग. पाऊस माझ्या धाकटीनं वयाच्या नवव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला आणि घाबरून खाटेखाली शिरली. तिथे जे काही जगतं ते धुक्यावर. त्या धुक्याला आम्ही कामांचाका म्हणतो. ते समुद्रावरून उठतं, चढण चढून माळावर येऊन बसतं. उंच निवडुंगांवर दगडफुलाच्या जटा लोंबतात, त्या भिजतात, ठिबकतात, आणि त्या थेंबांवर खालची दुधाळ झुडपं, कोल्हे आणि एतेल्विनाच्या शेळ्या जगायच्या. पुढे सरकारनं तिथे राखीव उद्यान केलं. माळावरून शेळ्या गेल्या, दोन-चार दारात बांधलेल्या उरल्या, पण एतेल्विना माळावर राहिली. उद्यानाचा रखवालदार ओयार्सून दक्षिणेकडचा, पावसातला माणूस. त्याला दर पावलाला हिला विचारावं लागायचं.

त्या माळावर करड्या, बुटक्या निवडुंगांची वस्ती आहे. कमरेएवढे, जाडजूड, टोकावर नारिंगी लव. त्या टोकांना आम्ही डोकी म्हणतो. सगळी डोकी उत्तरेला वाकलेली, कारण आमच्याकडे, पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात, ऊन उत्तरेकडून येतं. हजार निवडुंग आणि हजारांची मान एकाच बाजूला. पाहुणा आला की तिथे आवाज खाली आणून बोलतो. आम्हाला मात्र तीच वाट. धुकं बसलं की चार हातांपलीकडे काही दिसत नाही. मग एक डोकं गाठायचं, तिथून पुढचं शोधायचं. समुद्राकडे उतरताना डोकी उजव्या खांद्याला, चढताना डाव्या. वस्तीतली पोरं हे अक्षरओळखीच्या आधी शिकतात, आणि शिकवणारी एतेल्विनाच.

"पाय खोटारडे असतात," ती सांगायची. "धुक्यात माणसाला गोल फिरवतात आणि वर म्हणतात, आम्ही सरळ चाललोय. डोकी खोटं बोलत नाहीत. पाय आणि डोकी भांडली तर डोक्यांचं ऐकायचं. कळलं का रे, गाढवांनो?"

तिचा धाकटा भाऊ रोसामेल तिच्याच घरी राहायचा. तरुणपणी तो पाणबुड्या होता. खोल पाण्यानं त्याचे कान खाल्ले. डावा पार गेलेला, उजव्यात ओरडलं तर थोडंफार जायचं. लग्न केलं नाही. किनाऱ्यावर शेवाळ गोळा करून वाळवायचा आणि बहिणीच्या शिव्या ऐकू येत नाहीत म्हणून सुखात असायचा.

"ताई, चहात साखर नाही," तो म्हणायचा.

"तुझ्या कानात ओतली सगळी!" ती ओरडायची.

"हां, ताजं आहे चीज," तो म्हणायचा आणि चहा तसाच प्यायचा. मी पत्र्याअलीकडे हसून हसून बेजार.

आमच्याकडे सोमवार मेलेल्यांचा. एतेल्विनाचा नवरा लुदोविनो वरच्या खाणीच्या रस्त्यावर ट्रक उलटून गेला. तो जिथे पडला तिथे त्याचं छोटंसं घरकुल आहे, कुत्र्याच्या घराएवढं, पत्र्याच्या छपराचं, आत क्रूस आणि मेणबत्त्या. असं मेलेलं माणूस तहानलेलं राहतं, म्हणून तिथे पाण्याची बाटली ठेवतात. बायकोनं ठेवायची. एतेल्विना एकदाही गेली नाही.

"जिवंतपणी पाण्याला शिवला नाही तो," ती म्हणायची. "मेल्यावर कशाला पिईल?"

म्हणून रोसामेल जायचा. सोमवारी दुपारी पाण्याचा टँकर वस्तीतल्या टाक्या भरून परत निघाला की ड्रायव्हर त्याला वर सोडायचा. रोसामेल बाटली ठेवायचा, मेणबत्ती लावायचा, आणि माळावरून पायी खाली यायचा. दीड तासाची चाल. अकरा वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता.

ज्या जुलैची ही गोष्ट आहे, त्याच्या आधी चोरांनी माळाचा एक तुकडा साफ केला होता. आमचे निवडुंग परदेशात कुंड्यांमध्ये ठेवायला नेतात म्हणे. शंभर वर्षं उन्हात उभं राहिलेलं झाड कुणाच्या तरी खिडकीत! पोलिसांनी चान्यारल गावात खोकी पकडली. आत दोनशे बारा निवडुंग, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ओयार्सूननं ते परत आणले आणि लावायचं काम एतेल्विनाला दिलं. मी आणि वस्तीतली दोन माणसं मदतीला.

मंगळवारी सुरू केलं आणि त्याच दिवशी धुकं बसलं. असं बसलं की शनिवारपर्यंत सूर्य कुठे आहे ते कळलं नाही. ओयार्सून आम्हाला गाडीनं वळणावळणाच्या रस्त्यानं वर न्यायचा आणि रिकाम्या तुकड्यापाशी उतरवायचा. नुसते खड्डे. मध्ये एकच जुना निवडुंग उभा होता, माझ्या छातीएवढा.

"हा म्हातारा चोरांना उचलता आला नाही," एतेल्विनानं लांबूनच बोट दाखवलं. "माझ्या आईच्या आधीपासून उभा आहे. याची मान जिकडे, तिकडे सगळ्यांची."

ओयार्सूननं खिशातून होकायंत्र काढलं. बघितलं, हलवलं, परत बघितलं. "बाई, ही सुई तर बरोबर उलटी बाजू दाखवतेय."

"तुझी सुई लोखंड दिसलं की शेपूट हलवते. या डोंगरात लोखंड ठासून भरलंय. माझा नवरा खाणीत होता, त्याच्या घड्याळाचंसुद्धा डोकं फिरायचं."

"तरी पण, बाई..."

"तुझ्या गावी गाई चारायला वापर ती. इथे निवडुंग सांगतो."

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगायलाच हवी. मला समुद्र पाठीमागून ऐकू येत होता. डोक्यांच्या हिशेबानं तो समोर हवा होता. मी तिला म्हटलं, "एतेल्विना, समुद्र मागे कसा?"

"धुक्यात आवाजही फिरतो. चहा ओत," ती म्हणाली.

मी चहा ओतला. तेवढंच केलं मी.

शनिवारी दोनशे बारावा निवडुंग लागला. एतेल्विनाची कंबर धरली होती, तरी रांगांमधून फिरून तिनं प्रत्येकाची मान तपासली. धुक्यात त्या नव्या रांगा एकेक करून पुढे यायच्या आणि मागे जायच्या. मला तिथे उभं राहवेना. लावलेल्या झाडांमध्ये माणसाला बरं वाटायला हवं, पण मला वाटत होतं की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय. थंडीचं कारण सांगून मी गाडीत जाऊन बसले.

सोमवारी धुकं तसंच. टँकर आला, टाक्या भरल्या, आणि दुपारी एकला रोसामेल बाटली घेऊन त्यात चढला. पाच वाजता तो परत यायला हवा होता. सहा वाजता बाहेर काळोख पडला तरी आला नाही. आम्ही गॅसची रिकामी टाकी दोरानं टांगली आणि लोखंडी सळईनं बडवायला लागलो, धुक्यात कुणी अडकलं की बडवतात तशी. अर्धा तास बडवल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही बहिऱ्याला हाका मारतोय.  पण बडवणं कुणी थांबवलं नाही.

मंगळवारी उजाडताच एतेल्विनानं सगळ्यांना उभं केलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ जागेवर होती.

"माळावर वेळ घालवू नका," ती म्हणाली. "माळ तो झोपेत ओलांडेल. तिथे डोकी आहेत. चढण उतरताना पाय घसरला असेल, नाहीतर खडकांत पडलाय. चढण धुंडाळा, खडक धुंडाळा."

तिचा शब्द मोडणार कोण? एकवीस घरांतली माणसं दीड दिवस चढणीचा दगड अन् दगड उलटत राहिली. दुधाळ झुडपांना ओरबाडून आमचे हात चिकट झाले. एतेल्विना काठी टेकत खडकांमध्ये फिरत होती आणि त्याला शिव्या देत होती, मोठमोठ्यानं, जशी घरात द्यायची. संध्याकाळी आवाज बसला तेव्हा ती नुसतीच ओठ हलवत होती. "रोसामेल, मुडद्या, वर ये," एवढं मला कळलं.

बुधवारी दुपारी धुकं उठलं. आमच्याकडे ते हळूहळू विरत नाही. दुलई ओढून घ्यावी तसं जातं, आणि खालचं सगळं उघडं पडतं. ओयार्सूननं एतेल्विनाला आणि मला गाडीत घातलं आणि लुदोविनोच्या घरकुलापाशी नेलं. बाटली भरलेली होती, मेणबत्ती जळून संपलेली. तिथून आम्ही त्याच्या वाटेनं समुद्राकडे उतरायला लागलो. डोकी उजव्या खांद्याला, सगळं नीट.

एका उंचवट्यावर ओयार्सून थांबला. खाली आमचा तुकडा दिसत होता. भोवतालच्या हजार निवडुंगांच्या माना उत्तरेला होत्या आणि मधल्या दोनशे बारांच्या दक्षिणेला. स्वच्छ उन्हात, एका रांगेत, एकाही चुकीशिवाय. त्यांच्यामागे निळा समुद्र, आणि समुद्राच्या कडेला आमची छपरं. माझ्या घराच्या दोरीवरचे कपडेसुद्धा मला दिसले.

तुकड्याच्या वरच्या कडेला जमिनीत एक चर पडला होता. सरळ रेघ, अर्धी जुन्या निवडुंगांत, अर्धी नव्यांत. चराच्या मधोमध रोसामेल उभा होता.

मला समजायला थोडा वेळ लागला. एतेल्विनाला लागला नाही. तिनं माझा दंड इतका आवळला की आठवडाभर वळ राहिला. तो बिचारा डोकी उजव्या खांद्याला ठेवून उतरत होता. नव्या रांगांत शिरला आणि डोकी डाव्या खांद्याला आली. धुक्यात ना समुद्र दिसत होता, ना ऐकू येत होता. त्याला वाटलं, पायांनी फसवलं, आपण उलटे फिरलो. म्हणून तो वळला. वीस पावलांवर परत जुने निवडुंग लागले, तिथे डोकी पुन्हा डावीकडे. पुन्हा वळला. ताईनं शिकवलं होतं तसं दर वेळी पायांचं सोडून डोक्यांचं ऐकलं. चाळीस पावलं जायची, चाळीस यायची. सोमवार, मंगळवार, बुधवारची सकाळ. अंधारात तिथेच बसायचा, उजेड झाला की पुन्हा सुरू.

आम्ही पोचलो तेव्हा तो चालत नव्हता. उजव्या हातानं सावली करून तो आधी सूर्याकडे बघत होता, मग एकेका डोक्याकडे, मग समुद्राकडे. ओठ फुटले होते. हनुवटीला दगडफुलाचे हिरवे धागे चिकटले होते. ते चोखून तो जगला होता. ओयार्सून त्या जुन्या म्हाताऱ्या निवडुंगाजवळ गेला आणि त्यानं हात लावला. फक्त लावला. तो आडवा झाला. त्याला मुळंच नव्हती, आतून काळा आणि पोकळ. चोरांनी उपटला असणार, जड झाला म्हणून खड्ड्यात परत खोचला असणार, हवा तसा. त्या मेलेल्याकडे बघून आम्ही सगळ्यांच्या माना ठरवल्या होत्या.

"बाई," ओयार्सून हळूच म्हणाला, "सुई..."

"सुई खड्ड्यात घाल तुझी," एतेल्विना म्हणाली.

रोसामेलनं तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "ताई, मी चुकलो."

मी वाट बघितली.  ओयार्सूननं टोपी काढून हातात धरली. एतेल्विनाचा जबडा हलला.

"चुकलासच," ती त्याच्या उजव्या कानात ओरडली. "चल घरी."

वस्तीत तिनं सांगितलं की कानाचं दुखणं त्याच्या डोक्यात चढलंय, माळावर भरकटला. ओयार्सून गप्प राहिला. चार वर्षं तो तिचं चीज खात होता आणि तिनंच त्याला माळ शिकवला होता. मी गप्प राहिले, कारण मला समुद्र मागे ऐकू आला होता आणि मी चहा ओतला होता.

रोसामेल वाचला खरा, पण पूर्ण परत आला नाही. किनाऱ्यावर शेवाळ ओढताना मध्येच वळायचा. घरातून माझ्याकडे यायला निघाला की दारापर्यंत यायचा, पण वस्तीच्या पाण्याच्या मोठ्या टाकीपर्यंत जायला निघाला की अर्ध्यातून उलटा. मी एकदा मोजलं. चाळीस. पुढच्या वेळी मोजलं, तेव्हाही चाळीस. त्याला कळायचं, तो पुन्हा फिरायचा, पण पाय ऐकायचे नाहीत.

एकदा माझ्या चुलीपाशी बसून तो म्हणाला, "सुनिल्दा, तिथे मी एकटा नव्हतो."

"कोण होतं?" मी ओरडून विचारलं.

"आधी एकाच माणसाच्या पावलांचे ठसे दिसले. मला बरं वाटलं, म्हटलं कुणीतरी पुढे गेलंय, वाट बरोबर आहे. मग दोघांचे दिसले. मग पाच-सहा जणांचे. मंगळवारी तर जत्रा होती. मी म्हटलं, सोमवारचे मेलेले सगळे इथूनच जातात की काय. त्यांच्या मागोमाग चालत राहिलो." त्यानं कानवल्याचा तुकडा तोडला आणि खाल्ला नाही. "नंतर बघितलं तर सगळ्यांचा अंगठा माझ्यासारखाच वाकडा."

सोमवारी तो वर जाईनासा झाला. पुरुष त्याला शेवाळाच्या बोटीत घेईनात. एतेल्विनानं त्याला शिव्या देणं बंद केलं. चहात तीन चमचे साखर घालायला लागली. पत्र्यापलीकडची ती शांतता मला सहन होईना. शेवटी मीच गेले.

"तू त्याला सांगणार आहेस की नाही?"

"काय?"

"हेच, की त्याचं डोकं ठिकाणावर आहे. चूक तुझी होती. तो स्वतःला वेडा समजतोय, एतेल्विना."

ती चीजचा फडका पिळत होती. पिळतच राहिली. "उद्या वस्तीला कळलं की डोकी चुकीची असू शकतात, तर धुक्यात माणसं कुणाचं ऐकतील? पायांचं? दहा जण मरतील."

"आणि उद्या दुसरा कुणी त्या तुकड्यात शिरला तर?"

"कडेनं दगड रचलेत मी. पांढरे. कुणी शिरणार नाही."

तिनं खरंच रचले होते, त्या कंबरेनं. एवढंच नाही, तर एका पहाटे जाऊन तीन निवडुंग उपटून सरळ करायचा प्रयत्नही केला होता. पण तोवर त्यांनी मुळं धरली होती. तिन्ही महिन्याभरात कुजले. ओयार्सूननं हात जोडले, "बाई, आता त्यांना राहू द्या." म्हणजे सगळं करून झालं होतं, फक्त तोंड उघडायचं बाकी होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं.

नोव्हेंबरातला एक सोमवार. लख्ख ऊन. टँकर टाक्या भरून निघाला होता. ड्रायव्हरनं रोसामेलला बघून हात केला. रोसामेलचा चेहरा उजळला. तो घराच्या उंबऱ्यावरून उठला आणि टँकरकडे चालायला लागला. लोक बघत होते. मीही मनात मोजत होते. टँकरचं दार पाच हातांवर राहिलं आणि तो वळला.

"ए चाळीस!" बोटीवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं. "अरे चाळीस, एक्केचाळीस कधी येणार?"

सगळे हसले. रोसामेलला शब्द ऐकू आले नाहीत. त्याला फक्त हसणारी तोंडं दिसली, म्हणून तोही हसला, सगळ्यांकडे बघून, मान हलवत.

एतेल्विना दारात उभी होती. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं, आपटलं नाही. आत जाऊन एक बाटली पाण्यानं भरून आणली. रोसामेलची बाही धरली आणि त्याला टँकरपर्यंत ओढत नेलं.

"सुनिल्दा, चढ," ती म्हणाली. "मला उतरताना आधार लागेल."

लुदोविनोच्या घरकुलापाशी ती पहिल्यांदाच गेली. बाटली आत ठेवताना म्हणाली, "घे, पी. आता काय, भांडायलाही येत नाहीस." मग आम्ही उतरलो. पांढऱ्या दगडांच्या रांगेपाशी तिनं रोसामेलला थांबवलं. चर तसाच होता. आमच्याकडे काही पुसलं जात नाही. वारा नव्हता, तरी दोन्हीकडचे ते वाकलेले जमाव असे उभे होते की आपण आलो म्हणून आत्ताच थांबलेत.

तिनं त्याचा कान धरला, लहानपणी धरत असेल तसा, आणि त्यात ओरडली. तिचा आवाज माळभर गेला.

"हे मी लावले! उलटे लावले! मेलेल्या झाडाकडे बघून लावले! तू चुकला नाहीस, मी चुकले! ऐकू आलं का, बहिऱ्या?"

रोसामेल निवांत होता. "माहीत आहे मला, ताई," तो म्हणाला. "बुधवारी ऊन पडलं तेव्हाच कळलं."

एतेल्विनाचा हात खाली आला. "मग बोलला का नाहीस, मेल्या? चार महिने?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

ती मटकन दगडावर बसली आणि रडली. चाळीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, लुदोविनोला पुरलं तेव्हाही नाही. मीही रडले. रोसामेल आम्हा दोघींकडे बघत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला की चहाची वेळ झाली.

निघालो, तर तुकडा ओलांडताना विसाव्या पावलाला त्याचे पाय वळले. उन्हात, समोर समुद्र दिसत असताना. तो स्वतःच घाबरला. एतेल्विनानं त्याची उजवी बाही मुठीत धरली आणि खसकन पुढे ओढली.

"हळू, ताई, बाही फाटेल!"

"फाटू दे!"

संध्याकाळी तिनं वस्ती गोळा करून सगळं सांगितलं, माझ्या चहासकट. पोरांना नवा धडा दिला की डोक्यांचं ऐका, पण आधी झाडाला हात लावून ते हलत नाही ना ते बघा. आणि त्यानंतर दर सोमवारी ती भावाबरोबर गेली. दुसरी वाट होती, पण रोसामेलला तीच हवी असायची. तिथे आलं की ती त्याची बाही धरायची आणि तरातरा ओढत पार न्यायची. धुक्यात मला खालून त्यांचं भांडण ऐकू यायचं.

सहा वर्षं असं चाललं. मग एका ऑगस्टात एतेल्विना गेली, खाटेवर, सगळ्यांना सूचना देत. त्यानंतरच्या सोमवारी धुकं होतं. रोसामेल एकटा टँकरमध्ये चढला. मला राहवलं नाही. ओयार्सूनची गाडी घेऊन मी माळावर गेले आणि तुकड्याच्या खालच्या कडेला, पांढऱ्या दगडांपाशी, त्याला धरायला उभी राहिले. डोकी माझ्याकडे येत होती, जात होती. जटा ठिबकत होत्या. मग वरच्या कडेला पावलं ऐकू आली.

मी मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस. पावलं थांबली. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पावलं पुन्हा वाजायला लागली. भराभर. माझ्याच दिशेनं. एकवीस, बावीस, तीस, साठ. तो धुक्यातून बाहेर आला, थोडा वाकडा, थोडा पुढे कललेला. उजवा हात समोर ताठ होता आणि बाही मनगटापासून पुढे ताणलेली होती. दगड ओलांडले तशी ती सैल पडली.

 गाडीत बसवून मी त्याला खाली आणलं, चहा दिला, तीन चमचे साखर घातली. त्यानं स्वेटर काढून माझ्यापुढे टाकला. उजव्या मनगटाची शिवण कोपरापर्यंत उसवली होती.

"शिवून दे, सुनिल्दा," तो म्हणाला. "हजारदा सांगितलं तिला, हळू ओढ म्हणून. ऐकते का?"

मी सुई-दोरा काढला आणि शिवायला बसले.